पोर्टफोलिओ आतून दाखवा

“सगळे भारी म्हणतात ताई, पण काम कोणी देत नाही.”

गेम आर्टचा कोर्स करून बाहेर पडलेल्या मुलामुलींकडून हे मी सतत ऐकते. सोबत आर्टस्टेशनची, म्हणजे कलाकार जिथे आपलं काम मांडतात त्या साइटची लिंक येते. उघडून बघावं तर चित्र खरंच भारी असतं. धुकं, एका बाजूने पडलेला पिवळा उजेड, मधोमध लाकडी पिंप नाहीतर तलवार. पण त्या एका चित्राखेरीज पानावर दुसरं काही नसतं. मग बघणाऱ्याने बोलायचं तरी कशावर? तो ‘भारी’ म्हणतो आणि पुढे जातो.

मी साताऱ्यात राहून फ्रीलान्स करते. प्रॉप (गेममधल्या वस्तू) आणि एन्व्हायर्नमेंट (आजूबाजूचा परिसर), जास्त करून मोबाइल गेमसाठी. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, की टीका कशी येणार हे आपण काम कसं मांडतो त्यावर ठरतं. नुसतं सजवलेलं चित्र मांडलं की आवडलं-नावडलं एवढंच हाती येतं. काम आतून उघडून दाखवलं की माणूस बोट ठेवून सांगतो, इथे बघ. स्टुडिओत बसणाऱ्याला मान वळवून शेजारच्याला विचारता येतं. घरून काम करणाऱ्याला ते बोट असं पोर्टफोलिओतूनच मिळवावं लागतं.

माझ्या पानावरच्या वाड्याच्या दाराचंच सांगते. दिंडी दरवाजा आहे, म्हणजे मोठ्या दाराच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार. वाई-मेणवलीकडे आणि आमच्या साताऱ्याच्या पेठांत अशी दारं अजून उभी आहेत. पानावर पहिलं चित्र अनरियल या गेम इंजिनमधलं, पूर्ण झालेलं. त्याखाली तेच दार नुसतं करड्या रंगात, टेक्श्चरशिवाय, म्हणजे वर चढवलेला रंग-पोत काढून. मग वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलच्या रेषांची जाळी. मग टेक्श्चरचे तक्ते: बेस कलर म्हणजे मूळ रंग, रफनेस म्हणजे खरखरीत-गुळगुळीतपणा, नॉर्मल म्हणजे उंचसखलपणाचा भास. दाराशेजारी माणसाची एक साधी आकृती उभी केलीय, उंची कळावी म्हणून. शेवटी दार उघडतंय-मिटतंय अशी छोटी क्लिप, आणि मॉडेलमध्ये ट्रँगल (त्रिकोणी तुकडे) किती, टेक्श्चर केवढं, एका मीटरला किती पिक्सेल, ते दोन ओळींत.

हे आकडे शोभेचे नाहीत. एका मीटरला 512 पिक्सेल धरले तर 2048 बाय 2048 पिक्सेलच्या एका टेक्श्चरमध्ये चार मीटर बाय चार मीटर एवढाच पृष्ठभाग मावतो. तीन मीटर उंच दाराच्या दोन्ही बाजू, चौकट, उंबरठा, कड्या-कोयंडे आणि खिळे एवढ्या जागेत बसवायचे तर डाव्या फळीचा कोणता भाग उजवीला पुन्हा वापरलाय, कुठे जागा वाचवलीय आणि कुठे मुद्दाम सोडलीय, हे तक्ता बघितल्यावर जाणकाराला कळतं. काम द्यायचं मनात असलेला आर्ट लीड, म्हणजे स्टुडिओतल्या कलेच्या कामाचा प्रमुख, हेच शोधत असतो. सुंदर चित्रं त्याला दिवसभर दिसतात. हा माणूस आपल्या गेमच्या मापात काम बसवू शकेल का, ते त्याला बघायचं असतं.

मागे एका मुलाच्या पानावर दाराचे खिळे फुगीर दिसण्याऐवजी लाकडात खळगे पडल्यासारखे दिसत होते. नुसतं शेवटचं चित्र असतं तर मी ‘लायटिंग कसंतरी वाटतंय’ एवढंच म्हटलं असतं आणि तो बिचारा दिवे हलवत बसला असता. नॉर्मल मॅप पानावर होता म्हणून लगेच सापडलं. नॉर्मल मॅपच्या दोन पद्धती आहेत. ब्लेंडर हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर आणि युनिटी हे गेम इंजिन ओपनजीएलच्या पद्धतीचा मॅप वाचतात, अनरियल डायरेक्टएक्सच्या. दोन्हींत हिरवा चॅनल, म्हणजे चित्रातला हिरव्या रंगाचा थर, एकमेकांच्या उलट असतो. अनरियलमध्ये त्या टेक्श्चरच्या सेटिंगमधलं ‘फ्लिप ग्रीन चॅनल’ चालू केलं आणि सगळे खिळे वर आले. दहा मिनिटांचं काम. पण ते सांगता आलं, कारण त्याने पोट उघडून दाखवलं होतं.

आता दुसरी बाजू. परदेशातल्या आर्ट लीडला बेक (बारीक मॉडेलचा तपशील साध्या मॉडेलच्या टेक्श्चरवर उतरवणं) कसा आहे, पिक्सेलची घनता सगळीकडे सारखी आहे का, हे डोळे मिटून कळतं. पण वाड्याचं दार खरं आहे का, हे तो कसं सांगणार? त्याने तसं दार पाहिलेलंच नाही. आपल्याकडची वस्तू पोर्टफोलिओत घेतली की ही जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून मी लॅपटॉप उचलून आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांकडे गेले. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत त्यांचं आयुष्य गेलंय.

काकांनी रंगबिंग काही बघितलं नाही. क्लिप पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाले, “दार उघडल्यावर ही आगळ जाती कुठं?”

आगळ म्हणजे दारामागचा आडवा वासा. दिवसा ती बाजूच्या भिंतीतल्या पोकळीत ढकलून ठेवतात, रात्री ओढून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत अडकवतात. म्हणजे आगळ जेवढी लांब, तेवढी तरी भिंत दाराशेजारी सलग पाहिजे. माझ्या दृश्यात तिथे दिव्याचा कोनाडा होता. “मग आगळ कोनाड्यातनं बाहेर डोकवंल की!” काका म्हणाले. त्या एका वाक्यावर कोनाडा दुसऱ्या बाजूला गेला, दारामागची देवडी (पहारेकऱ्यांची जागा) रुंद झाली, कॅमेऱ्याची जागा बदलली. जगातल्या कुठल्याही आर्ट लीडने मला हे सांगितलं नसतं.

मग ते फिरण्यावर आले. जुन्या दारांना बिजागरी नसते. फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला खुंटासारखा भाग ठेवलेला असतो. खालचा खुंट दगडातल्या खळग्यात फिरतो, वरचा चौकटीमागच्या लाकडात. ब्लेंडरमध्ये मी दाराचा ओरिजिन, म्हणजे ज्या बिंदूभोवती ते फिरतं तो, फळीच्या कडेवरून उचलून त्या खुंटाच्या मध्यावर नेला. फरक दिसायला बोटभर आहे, पण आता क्लिपमध्ये दार जड वाटतं.

झिजेबद्दल काका सगळ्यात जास्त बोलले. सबस्टन्स पेंटर या टेक्श्चर रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कडा झिजवणारे तयार जनरेटर असतात. ते कडेचा बाक मोजतात आणि जिथे कड तिथे झीज लावतात. माणूस हात कुठे लावतो हे त्यांना माहीत नसतं. काकांना माहीत होतं. कडीभोवतीचं सागवान हात लागून लागून काळं आणि गुळगुळीत होतं. उंबरठा मधोमध झिजतो, टोकांना शाबूत राहतो. आणि दाराची खालची वीतभर फळी पांढुरकी पडते, कारण रोज सकाळी दारात सडा पडतो आणि पाणी तिथपर्यंत उडतं. मी ते सगळे थर हाताने रंगवले. रफनेसच्या तक्त्यात कडीभोवती तो गुळगुळीत डाग आता वेगळा दिसतो, आणि पान बघणारे बहुतेक जण त्याबद्दल विचारतात.

यानंतर खरी अडचण आली. एका कॉलवर एका आर्ट लीड बाईंनी सांगितलं, कडा उजळ कर, दार भिंतीपासून सुटून दिसत नाही. काकांचं म्हणणं, सागवानाच्या कडा अशा पांढऱ्या पडत नाहीत. कोणाचं ऐकायचं? मी विचार केला की दोघं कुठे उभे राहून बघतायत. काका दारापासून हातभर अंतरावर उभे होते. त्या बाईंच्या गेममध्ये कॅमेरा वरून, लांबून होता आणि मोबाइलच्या पडद्यावर दार अंगठ्याच्या नखाएवढं दिसणार होतं. तिथे उजळ कड नसेल तर खेळणाऱ्याला दार आहे हेच कळणार नाही. मी दोन्ही टेक्श्चर पानावर ठेवले, कुठलं कुठल्या कॅमेऱ्यासाठी ते एकेका ओळीत लिहिलं. पुढच्या कामाच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळ त्याच दोन चित्रांवर गेला.

तेव्हापासून कोणीही काही सांगितलं की मी पहिल्यांदा हेच बघते, की बोलणाऱ्याला काय दिसतंय आणि कुठून दिसतंय. चुलतभाऊ गेम खेळतो. ‘दार कुठून उघडायचं कळत नाही’ हे तो सांगू शकतो आणि ते सोन्यासारखं असतं. त्यानेच टोपॉलॉजीवर, म्हणजे मॉडेलच्या जाळीच्या रचनेवर मत दिलं तर मी ऐकून घेते, लिहून ठेवत नाही.

कॉलवर मात्र सगळं लिहून घेते, त्यांच्याच शब्दांत, आणि मध्ये बोलत नाही. हे जड जातं. महिनाभर खपलेलं असतं, जीव गुंतलेला असतो, लागतंच. पण आपण कारणं द्यायला लागलो की समोरचा माणूस सभ्यपणे आवरतं घेतो आणि त्याच्या मनातले पुढचे मुद्दे आपल्यापर्यंत येतच नाहीत. शेवटी मी एकच प्रश्न विचारते, “यातलं काय बदललं तर तुम्ही हे तुमच्या गेममध्ये घ्याल?” दहा मुद्द्यांपैकी दोनच उरतात. त्या संध्याकाळी फाइल उघडत नाही, दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसते.

क्लायंटची टीका वेगळ्या जातीची असते. “मजा नाही आली” हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक फ्रीलान्सरने ऐकलं असेल. त्यावर चिडून उपयोग नाही. त्याला खरोखर काहीतरी खटकलेलं असतं, फक्त त्याचं नाव सांगता येत नाही. मी त्याच स्क्रीनशॉटवर हाताने रंगवून झटपट दोन पर्याय पाठवते, एकात फक्त उजेड बदललेला, दुसऱ्यात फक्त आकार. तो एकावर बोट ठेवतो आणि दुखणं कुठे आहे ते कळतं. पूर्ण मॉडेल पुन्हा करण्याआधी हा अर्धा तास घालवाच.

आणि एक गोष्ट ठासून सांगते, कारण यात नवी मुलं भरडली जातात. ब्रीफ, म्हणजे सुरुवातीला ठरलेलं काम, बदलणं ही टीका नव्हे. एका कामात सगळं संपल्यावर क्लायंटने गेमचा काळच बदलला आणि नवी यादी ‘फीडबॅक’ म्हणून पाठवली, वर काम आवडलं नाही म्हणून पैसे कमी करायची भाषा. आता माझ्या कोटेशनमध्ये ब्लॉकआउट (कच्चा आकार), लो पॉली (कमी ट्रँगलचं मॉडेल) आणि शेवटचं टेक्श्चर असे तीन टप्पे असतात, प्रत्येकाला बदलाच्या दोन फेऱ्या आणि पुढे जाण्याआधी ईमेलवर होकार. होकार दिलेल्या टप्प्यात मागे जायचं असेल तर ते नवं काम, त्याचे पैसे वेगळे. हे लेखी असलं की मी टीका मोकळ्या मनाने ऐकू शकते, कारण प्रत्येक वाक्यामागे माझी मजुरी बुडतेय का, ही धाकधूक राहत नाही.

क्लायंटचं काम पोर्टफोलिओत घालण्याबद्दल थोडक्यात. एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार असेल तर गेम बाहेर येईपर्यंत एक स्क्रीनशॉटही नाही, आणि बाहेर आल्यावरसुद्धा लेखी परवानगी घेऊनच. म्हणून वाड्याच्या दारासारखं स्वतःचं काम करावंच लागतं. दाखवाल तेव्हा तुमचं काय आणि दुसऱ्याचं काय ते स्पष्ट लिहा. कॉन्सेप्ट, म्हणजे मूळ कल्पनाचित्र, दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव पहिल्या ओळीत. कॉन्सेप्ट आर्टिस्टची मेहनत मुकाट्याने आपल्या नावावर खपवणारी पानं मला बघवत नाहीत.

डिसेंबर 2022 मध्ये आर्टस्टेशनवर एआयच्या चित्रांविरुद्ध कलाकारांनी निषेधाचे फलक लावून पानंच्या पानं भरून टाकली होती, ते आठवत असेल. तेव्हापासून माझ्याकडे येणारे क्लायंट वायरफ्रेम आणि मधले टप्पे आवर्जून मागतात. चकचकीत चित्र आता कोणालाही काढून घेता येतं. आगळीला भिंतीत घर का दिलं, हे ज्याने दार बांधलं तोच सांगू शकतो.

आपल्याकडच्या वस्तू घ्या, असं मी आग्रहाने म्हणते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला, त्यातले किल्ले आणि राजवाडे बघून आपल्या वास्तूंवर गेम उभा राहतो हे इथल्या पुष्कळ जणांना पहिल्यांदा पटलं. घडवंची, जातं, तुळशीवृंदावन, सुरूदार खांब, बैलगाडीचं चाक, काय वाटेल ते घ्या. फक्त ते वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय पानावर टाकू नका.

मी सध्या मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा करतेय, 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. ब्लॉकआउट झालाय. लोलक आतून नेमका कुठे लागतो आणि तिथला धातू कसा दिसतो यावर अडलेय. घंटा ओतणारं किंवा जुन्या घंटांची देखभाल करणारं कोणी ओळखीचं असेल तर कळवा, मी येऊन भेटेन.

आणि तुमची पानं पाठवत राहा. रविवारी सकाळी मी ती बघते. पाठवताना वायरफ्रेम आणि टेक्श्चरचे तक्ते जोडा, कॅमेरा खेळणाऱ्यापासून किती लांब आहे ते लिहा, आणि मी नेमकं काय बघावं असं तुम्हाला वाटतं, ते एका ओळीत सांगा.