शेळ्या की सेंटीमीटर?

स्मरणिकेसाठी लिही, असा समितीचा फोन आला तेव्हा मी दुकानात खिळे तोलत होतो. आमच्या कोरेगावच्या (सातारा जिल्हा) शाळेबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार बेताचाच. 1984 साली दहावी झालो, गणितात अगदी काठावर. पण गणिताच्या सरांविषयी लिहायचं तर ते मीच लिहायला हवं, कारण निवृत्तीनंतरची वीसेक वर्षं ते माझ्या हार्डवेअरच्या दुकानात रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. पेपर माझा, चष्मा त्यांचा, आणि चुका बातमीदाराच्या.

वर्गातले सर सगळ्यांना आठवत असतील. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही की भोपळा. मी एकदा आयताच्या क्षेत्रफळाचं उत्तर नुसतं '48' लिहिलं होतं. सरांनी वही वर्गापुढे धरली. "48 काय? शेळ्या?" पुढे वर्षभर मला वर्गात शेळ्या म्हणत. (काही जण अजून म्हणतात. मेळाव्यात भेटतीलच.) तेव्हा राग आला होता, आणि खोटं कशाला बोलू, तो बरीच वर्षं टिकला.

एक प्रसंग मात्र आमच्या तुकडीतलं कोणी विसरलं नसेल. 1982 ची मे महिन्याची सुट्टी. सरांनी निरोप धाडला, उद्या भर दुपारी बाराला मैदानात या. आंबे, विहीर, सगळं सोडून आम्ही पंधरा-वीस जण गेलो. फुफाट्यात पाय भाजत होते, जरंडेश्वराचा डोंगर उन्हात थरथरत होता. सर ध्वजस्तंभापाशी घड्याळ घेऊन उभे. म्हणाले, "बारा वाजता नाही, साडेबाराला बघा. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, कोरेगाव चौऱ्याहत्तरच्या जरा पुढे. फरक सव्वाआठ अंशांचा. अंशाला चार मिनिटं धरून तेहतीस मिनिटं झाली. त्यातून या दिवसांत सूर्य तीन-चार मिनिटं घाईत असतो, ती वजा करा." आम्हाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण खांबाची सावली चौथऱ्यावर चढली, आखडत गेली आणि साडेबाराच्या सुमाराला बुंध्यातच जिरली. आमच्याही सावल्या पायाखाली गोळा झाल्या. मागून कोणीतरी कुजबुजलं, "भुताला सावली नसते म्हणे." त्यावर आमच्यातला एक धडधाकट गडी जो पळाला तो थेट तीळगंगेच्या पुलापर्यंत. त्याचं नाव लिहीत नाही, आता तो आजोबा आहे.

सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा हा शून्य सावलीचा दिवस कोरेगावला 10-11 मेच्या सुमारास येतो आणि 2 ऑगस्टच्या आसपास पुन्हा एकदा. "पण ऑगस्टात आपल्याकडे सूर्य रजेवर असतो," असं सर म्हणत. म्हणून सुट्टी मोडायची ती मेमध्येच.

1999 ला सर निवृत्त झाले. लेक पुण्यात, मुलगा ठाण्यात. दोन्हीकडे नातवंडं आली आणि सरांचा मे महिना ठरून गेला. 10 तारखेला कोरेगावची सावली बघायची आणि मग एसटी धरायची. सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकत पुण्याच्या डोक्यावर 13-14 मेला पोचतो, ठाण्याच्या डोक्यावर 16 ला. "त्याला तीन दिवस लागतात, मला साडेतीन तास," असं सांगत सर पुण्याला नातीच्या गच्चीवर हजर. तिथून ठाण्याला, नातवाच्या सोसायटीच्या आवारात. पिशवीत वाघ्या घेवडा, काकूंच्या कुरडया आणि माझ्या दुकानातला ओळंबा. काठी सरळ उभी आहे की नाही हे ओळंब्याशिवाय ठरवायचं नाही, हा दंडक. ओळंब्याचे पैसे घेणार नाही म्हटलं तर पक्की पावती मागितली.

हेच सर नातवाला खांद्यावर घेऊन बाजारातून चालत. नातीला बेरीज शिकवायची तर पट्ट्यापट्ट्यांचा घेवडा तिच्या ओंजळीत ओतत. तिने एक दाणा नाकात घातला आणि डॉक्टरकडे पळावं लागलं, हा किस्सा ते स्वतःच हसत सांगत. आम्हाला असा घेवडा कधी मिळाला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

मग 2012 ला मुलगा बायकापोरांसह न्यू जर्सीला गेला. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या सामानात सरांनी ओळंबा घातला, हातातल्या बॅगेत नको, विमानतळावर अडवतील म्हणून मोठ्या बॅगेत. दोन-तीन दिवस सर पेपर उघडून नुसते बसायचे. एकदा म्हणाले, "कर्कवृत्ताच्या वर गेलं ना, की सावली कधीच पायाखाली येत नाही रे."

पुढच्या 10 मेला सर रात्री दुकान बंद होईपर्यंत थांबले. तिकडे मध्यान्ह म्हणजे घड्याळात एकला पाच-सहा मिनिटं कमी, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजत आलेले. मीटरभर काठीची सावली मोजून नातवाने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, '42'. सरांनी चष्मा सावरून एक-एक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं, '42 काय? शेळ्या?' शेळ्या म्हणजे काय, हे पोराला बापाला विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या बिलबुकाच्या पाठीवर गणित मांडलं. शंभराला बेचाळीस, कोष्टकात कोन 23 अंश. त्या दिवशी आपली सावली शून्य, म्हणून अक्षांशातला फरकही तेवढाच. अंशाला 111 किलोमीटर, म्हणजे नातू आपल्यापेक्षा सुमारे 2,550 किलोमीटर उत्तरेला. रेखांश मात्र आपला पूर्वेला 74, त्याचा पश्चिमेला 74. या योगायोगावर ते कमालीचे खूश. घरी जाऊन काकूंना म्हणाले, "फार लांब नाही, अडीच हजारच." काकू म्हणाल्या, "मग या चालत जाऊन."

हा नेम दहा वर्षं चालला. 2022 च्या दिवाळीनंतर सर गेले. ते बिलबुक मी भरलं नाही, गल्ल्याच्या खाली आहे.

पुढच्या मेमध्ये 10 तारखेला मी साडेबाराला दुकानापुढे पहार उभी केली, ओळंबा लावून. रात्री साडेदहाला मोबाइल वाजला. नातवाचा मेसेज होता, '42 सेंमी. तुमची किती?'

मी लिहिलं, 'शून्य.' पाठवलं, आणि लगेच पुसून पुन्हा लिहिलं, 'शून्य सेंमी.'