सर्दी झाली? घरी बसा!

नोव्हेंबर लागला की इथे जर्मनीत, स्टुटगार्टच्या लोकलमध्ये दर डब्यात कोणीतरी नाक शिंकरत असतं, तेही रणशिंग फुंकावं तसं. त्यात इथे कुणाला काही वाटत नाही. पण तुम्ही नुसतं नाक वर ओढलंत की बघा, समोरची बाई टिश्यूचं पाकीट पुढे करते.

गेल्या आठवड्यात कणकण होती, तरी मी ऑफिसला गेले. थर्मासमध्ये आल्याचा चहा, गळ्यात मफलर. वाटलं, बॉस म्हणेल, काय जिद्द आहे! तो म्हणाला, "आजारी आहात ना? मग इथे काय करताय?" आणि दोन पावलं मागे सरकला. राग आला. ताप अंगावर काढून कामाला जाणाऱ्यांच्या घरात वाढलेय मी. बाबांनी सर्दीसाठी रजा टाकल्याचं मला आठवत नाही.

पण त्याला बोलायला काय जातं? इथे आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, कायद्यानेच. तीन दिवसांपर्यंत बहुतेक ठिकाणी डॉक्टरचा कागदही लागत नाही. आणि डिसेंबर 2023 पासून किरकोळ दुखण्यासाठी, ओळखीच्या दवाखान्यात, तो कागद फोनवरही मिळतो. आपल्याकडे ज्याचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली, त्याला घरी बस म्हणून सांगा बरं.

मी मात्र दवाखान्यात गेले, कारण मला औषध हवं होतं. तिथेच खरं दुखणं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, छाती तपासली आणि म्हणाल्या, "व्हायरल आहे. भरपूर पाणी प्या, सेजच्या पाल्याचा चहा घ्या, झोपा." पुढे? पुढे काही नाही! व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे मलाही कळतं हो, शाळेत शास्त्र शिकलेय. पण डॉक्टरकडून रिकाम्या हाताने बाहेर यायचं म्हणजे काय! आमच्या गल्लीतले डॉक्टर निदान कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या बांधून देतात, "ही अर्धी, रात्री" असं बजावतात. निम्मं बरं तिथेच वाटतं. इथे साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानातच जावं लागतं. रविवारी ती बंद. पाळीवर एखादी उघडी असते, तिथे गेलात तर अडीच युरो जादा.

संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. आधी माझ्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर तापमान शून्याला टेकलेलं, पण पाच मिनिटं हवा खेळलीच पाहिजे म्हणे. मग खिडक्या लावून घेतल्या आणि मलाच बजावलं, फटीतून वारं येतं तिथे बसू नकोस, मान धरेल! आईचं "वारा लागेल, कान बांध" याहून काय वेगळं आहे? ताप उतरायला पोटऱ्यांना गार पाण्याच्या पट्ट्या, कान दुखला तर चिरलेला कांदा फडक्यात बांधून कानावर. आई तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी छातीला लावते, तेव्हा आपण तिला हसतो. जर्मन आजीने सांगितलं की तोच नैसर्गिक उपचार.

मी दोन्हीकडचं केलं. लिंडनच्या फुलांचा चहा प्यायले, रात्री हळद-दूध, मऊ भात-मेतकूट. कशाने बरं वाटलं ते मला माहीत आहे, आजींना सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र इथली पटली: फ्लूची लस. साठीच्या पुढच्यांना, गरोदर बायकांना, दम्या-मधुमेहाच्या रुग्णांना ती घ्यायला सांगतात, थंडी वाढायच्या आतच. मी ऑक्टोबरमध्येच घेतली. आपल्याकडे पावसाळ्यातही फ्लू फिरतो, पण मोठ्यांना लस द्यायचं फारसं कुणाच्या मनात येत नाही. आईने पासष्टी ओलांडली, साखरही आहे, म्हणून फोनवर तिच्या मागे लागले. ती म्हणाली, "जिथला डॉक्टर तुला एक गोळी देत नाही, तिथलं ऐकून मी सुई टोचून घेऊ?"

बाबांना सांगितलंय, शनिवारी तिला घेऊन जा.