मेंदूत बिघाड म्हणालात ना, ताई?

10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या आठवड्यात आम्हा मानसोपचार समाजकार्यकर्त्यांच्या रोज दोन-दोन, तीन-तीन बैठका होतात. ही त्यातलीच एक, तीसेक माणसांची.

लोकांना वाटतं, आमचं काम भाषणाचं. खरं काम चिठ्ठ्यांच्या डब्याचं असतं. सगळ्यांना सारखा कागद, सारखं पेन. प्रश्न नसला तरी काहीतरी लिहायचंच, नुसता आजचा वार लिहिला तरी चालतो. नाहीतर ज्याचा हात हलतो त्याच्याकडे सगळे बघतात आणि ज्याला खरंच विचारायचं असतं तो पेन खाली ठेवतो. चिठ्ठ्या आधी मिसळायच्या, मग प्रश्न आपल्या शब्दांत मांडायचा, म्हणजे भाषेवरून कुणी ओळखत नाही. नव्या सहकाऱ्यांना हा खटाटोप वाटतो. मला तो कधीच वाटला नाही.

एका चिठ्ठीत होतं : स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं का? मी सांगितलं, नाही. यात भास होतात, संशय बळावतो, विचारांचा धागा सुटतो; साधारण 300 माणसांमागे एकाला हा आजार असतो. आणि पुढे माझं नेहमीचं वाक्य : हा मेंदूतला बिघाड आहे, यात कुणाचा दोष नाही.

तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. चाळिशीची असेल.

“मेंदूत बिघाड म्हणालात ना, ताई? मला आहे तो आजार. तुमचं ऐकून मला कुणी दोष देणार नाही, पण माझ्याजवळ लेकरू एकटं ठेवेल का?”

मला उत्तर सुचलं नाही. वाईट याचं वाटतं की, ती म्हणाली ते मी वाचलेलं होतं. 2013 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही हेच दिसलं होतं : जैविक कारण सांगितलं की दोष देणं कमी होतं, पण हा माणूस धोकादायक आहे, तो बरा होणार नाही, ही भावना वाढते. तरी वर्षानुवर्षं मी तेच वाक्य म्हणत आले, कारण ते सोपं आहे आणि त्यावर माना डोलतात.

मग लोक तिलाच विचारू लागले. आवाज अजून येतात का? “कधीकधी. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसे. मी शिवण चालू ठेवते.” गोळ्या? “रोज. मध्ये सोडल्या होत्या, तेव्हा पुन्हा दवाखान्यात राहावं लागलं.” मी गप्प बसले. त्या पंधरा मिनिटांत लोक जितके पुढे सरकून बसले, तितके माझ्या भाषणाला कधी बसले नव्हते.

अहवालाच्या फॉर्मात उपस्थितांचा आकडा, वाटलेली पत्रकं आणि फोटो एवढंच मागतात. कुणी काय विचारलं याला रकानाच नाही. त्या बाईचा फोटो मी दिला नाही, त्यावरून वरिष्ठांशी वाजलं. चेहरा दाखवून जागृती होते असं ज्यांना वाटतं, त्यांना त्या चेहऱ्याला उद्या त्याच गल्लीतून चालायचं असतं हे दिसत नाही.

पण मीही चुकलेच. स्वतःचा अनुभव सांगणाऱ्याची आम्ही आधी तयारी करून घेतो : किती सांगायचं, काय राखून ठेवायचं, घरच्यांना ठाऊक आहे का. हिची तयारी कुणी केली नव्हती, आणि मी तिला थांबवलंही नाही.

दोन दिवसांनी फोन केला. तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या दोन मुली यायच्या बंद झाल्या होत्या. ते सांगून झाल्यावर तिनं विचारलं, पुढच्या बैठकीला बोलवाल ना?

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.