तांबड्या भाजीपुढे पिवळी चांदी

देवघरातलं चांदीचं तबक काळं पडतं ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. चांदीला गंधकाची ओढ फार. भाजीवरचे कीटकनाशकांचे अंश शोधणाऱ्या चांदीच्या नॅनोकणांचं बरंचसं बळ या ओढीत आहे आणि त्यांच्या बऱ्याच चुकाही तिथूनच येतात.

दहा-बारा नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) सुटे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून द्रावण लिंबासारखं पिवळं दिसतं. गंधक असलेलं कीटकनाशक कणांना धरून ते एकमेकांना चिकटले की शोषण ५०० ते ६०० नॅनोमीटरकडे पसरतं आणि पिवळ्याचं तपकिरी, मग राखाडी होतं. हा रंगबदल मोजायचा, एवढंच तत्त्व.

द्रावण करायला एक सकाळ पुरते. १०० मिलिलिटर पाण्यात १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे १ मिलिमोलर. दुसऱ्या भांड्यात १०० मिलिलिटर बर्फगार पाण्यात ७.६ मिलिग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड, म्हणजे २ मिलिमोलर. बोरोहायड्राइडचं ३० मिलिलिटर द्रावण बर्फात ठेवून चुंबकीय ढवळणीवर फिरवायचं आणि त्यात नायट्रेटचं १० मिलिलिटर सेकंदाला एक थेंब या वेगाने सोडायचं. शेवटचा थेंब पडला की ढवळणी लगेच थांबवा. पुढे ढवळत राहिलं तर डोळ्यांदेखत पिवळं काळवंडतं. भांड्याला बूच लावू नका, हायड्रोजन सुटतो. वर्णपटमापकात, म्हणजे कोणत्या रंगाचा किती प्रकाश शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रात, घालण्याआधी द्रावण तीन-चार पट पातळ करा. शोषण १ च्या आसपास आलं की आकडे विश्वासाचे.

बोरोहायड्राइड ताजंच विरघळवायचं. त्याची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली तर पावडर ओल धरते, जोर जातो आणि द्रावण फिकट, गढूळ होतं. जून ते सप्टेंबर गोव्यात डेसिकेटरमधली (रसायनं कोरडी ठेवायच्या बंद भांड्यातली) सिलिका जेल वारंवार तापवून वाळवावी लागते.

पाण्याचं दुखणं याहून मोठं. किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारं पाणी शिरतं आणि क्लोराइड चांदीचा वैरी. बॅटरीसाठी विकलं जाणारं पाणीसुद्धा तपासल्याशिवाय वापरू नका: चमचाभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका, दुधाळ झाक आली तर ते पाणी बाद. काचेची भांडी पातळ नायट्रिक आम्लाने धुवा. हायड्रोक्लोरिक आम्ल नको, त्याच्या क्लोराइडचा उरलेला अंशही काम बिघडवायला पुरेसा असतो.

इथवर फारसं अवघड नाही. अवघड आहे ती भाजी.

नमुन्यासाठी क्वेचर्स ही २००३ साली मांडलेली पद्धत सोयीची. १० ग्रॅम बारीक वाटलेली भाजी, १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल; एक मिनिट जोरात हलवा. मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घालून पुन्हा एक मिनिट हलवा आणि सेंट्रिफ्यूज करा. वरचा थर अ‍ॅसिटोनायट्राइलचा, तोच घ्यायचा. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमागे १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलिग्रॅम पीएसए ही शोषक पूड घालून हलवलं की आम्लं, थोडी साखर निघून जाते. अ‍ॅसिटोनायट्राइल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. हे काम धूरखिडकीतच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच.

आता म्हापशाच्या बाजारातली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, घ्या. तिचा रंग बीटासारखा, बीटासायनिनचा, आणि त्याचं शोषण ५३५ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे कण चिकटल्याची खूण आपण जिथे शोधतो, नेमकं तिथेच. पानं नुसती पाण्यात धुऊन ते पाणी चांदीत घातलं, तर कीटकनाशक नसतानाही यंत्र ते आहे असं सांगेल. वरच्या पद्धतीत हा रंग खालच्या पाण्याच्या थरात राहतो, ही मोठी सोय. पण त्याच पानातलं हरितद्रव्य वर येतं आणि ते ४३० च्या आसपास शोषून पिवळ्याचा आकडा फुगवतं. कार्बनची पूड हरितद्रव्य ओढून घेते खरी, पण थायाबेंडाझोलसारखे चपटे रेणूही सोबत नेते. म्हणून पालेभाजीला कार्बन अगदी थोडा, आणि त्याने किती औषध गिळलं ते मोजून मगच.

कांदा, लसूण, कोबी, मुळा यांत गंधकाची संयुगं मुळातच असतात. यांच्यावर रंगबदलाची चाचणी लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ताळगावच्या वांग्यांना किंवा अळसांद्यांच्या शेंगांना ती लावता येते, पण कोरा नमुना त्याच भाजीचा हवा. परसातली, अजिबात फवारणी न झालेली वांगी मिळवा. त्यांच्या अर्काची दहा वाचनं घ्या, सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवा. त्याच्या वर गेलं तरच काही सापडलं म्हणायचं. शिवाय त्याच वांग्यांत माहीत असलेलं औषध तीन प्रमाणांत घालून, अर्धा तास मुरवून, मग अर्क काढा. नुसतं अ‍ॅसिटोनायट्राइल घातलेली चांदीही शेजारी ठेवा.

थायरम या बुरशीनाशकावर ही चाचणी सुंदर चालते, कारण त्याचा गंधक चांदीला घट्ट धरतो. त्यावरून सगळी कीटकनाशकं सापडतील असं मानणं चूक. सायपरमेथ्रिनला चांदीची ओढ जवळजवळ नाही. मँकोझेब तर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळतच नाही, त्यामुळे ते अर्कात येणारच नाही.

क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेटसाठी मधे एक विकर (एन्झाइम) लागतं, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. ते अ‍ॅसिटिलथायोकोलिन फोडतं, त्यातून निघालेलं थायोकोलिन चांदीचे कण चिकटवतं. कीटकनाशक असेल तर विकर थंडावतं आणि द्रावण पिवळंच राहतं. म्हणजे इथे खूण उलटी: पिवळं राहिलं तर संशय. पण वीज गेल्याने फ्रिजमध्ये विकर मेलं, तरीही द्रावण पिवळंच राहणार. म्हणून प्रत्येक फेरीत कीटकनाशक नसलेली एक नळी हवीच. ती तपकिरी झाली नाही तर ती फेरी टाकून द्या. अ‍ॅसिटिलथायोकोलिन सहसा आयोडाइडच्या रूपात येतं आणि आयोडाइड चांदीला थेट भिडतं. क्लोराइडचं रूप मागवा, तेही बेताने वापरा. आणखी एक: क्लोरपायरिफॉस मूळ रूपात विकराला फारसं रोखत नाही. ब्रोमीनच्या पाण्याने त्याचं ऑक्सॉन, म्हणजे गंधकाच्या जागी ऑक्सिजन आलेलं रूप, करावं लागतं आणि उरलेलं ब्रोमीन काढावं लागतं, नाहीतर विकर त्यानेच मरतं.

शेवटी हिशेब. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला साधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. १० ग्रॅम भाजीत ते ०.१ मायक्रोग्रॅम, १० मिलिलिटर अर्कात मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम. त्यातले १०० मायक्रोलिटर एक मिलिलिटर चांदीत घातले की उरतं मिलिलिटरला साधारण ०.९ नॅनोग्रॅम, थायरमच्या बाबतीत हे जेमतेम ४ नॅनोमोलर. इतक्या कमी प्रमाणाला रंगबदल दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. किलोला ५ मिलिग्रॅम असेल तर सहज दिसेल. खालच्या पातळीसाठी हेच कण रामन वर्णपटमापकाखाली, म्हणजे विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राखाली, वापरावे लागतात. थायरमची ठळक रेषा १३८० सेंटिमीटर व्युत्क्रमाजवळ येते.

त्यामुळे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी घाट उतरून येणाऱ्या भाजीतले संशयित नमुने वेगळे काढायला ही चाचणी वापरा. वेगळ्या काढलेल्या नमुन्याचा दुसरा अर्धा भाग गोठवून एलसी-एमएस (रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत द्या आणि त्यांचा आकडा येईपर्यंत विक्रेत्याकडे बोट दाखवू नका. वापरलेली चांदी नाल्यात ओतू नका. वेगळ्या गडद बाटलीत साठवा, त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळलेलं असेल तर त्याची बाटली निराळी.