दाबाखालचा सिंटिलेटर आणि कोकणातली दमट हवा

मालवणला समुद्रात दहा मीटर खाली गेलं की अंगावर एका वातावरणाइतका दाब वाढतो. मारियाना गर्तेच्या तळाशीही तो सुमारे ०.११ गिगापास्कलच असतो. सिंटिलेटर म्हणजे किरणोत्सर्ग पडला की उजळणारा पदार्थ. त्याच्या उजेडाचा रंग ठळकपणे सरकवायला काही गिगापास्कल लागतात, त्यासाठी दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर आणून नमुना त्यांच्यामध्ये दाबावा लागतो.

सुरुवात सिरियम घातलेल्या यट्रियम-अ‍ॅल्युमिनियम गार्नेट या स्फटिकापासून करा. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या लेसरने तो ५५०च्या आसपास पिवळा उजळतो. दाब वाढला की सिरियमभोवतीचे ऑक्सिजन जवळ येतात, त्याच्या इलेक्ट्रॉनच्या ५डी ऊर्जापातळ्या जास्त फाकतात, सगळ्यात खालची आणखी खाली येते आणि वर्णपटातला उजेडाचा पट्टा तांबड्याकडे सरकतो. ४७९ नॅनोमीटरला बारीक, टोकदार रेषा दिसली तर ती हिऱ्याची रामन रेषा आहे (हिऱ्यातून विखुरताना रंग बदललेला लेसरचाच उजेड), नमुन्याची नव्हे. ५०० नॅनोमीटरपासून पुढचा उजेड जाऊ देणारा फिल्टर लावा.

हिऱ्याचं टोक ५०० मायक्रॉनचं असेल तर दोन हिऱ्यांमधली पोलादी चकती, म्हणजे गॅस्केट, आधी ६० मायक्रॉनपर्यंत दाबून घ्या, मग मधोमध नमुन्यासाठी २०० मायक्रॉनचं भोक पाडा. भोक बाजूला गेलं तर दाबाखाली ते एका अंगाला पसरतं आणि हिरा धोक्यात येतो. आत नमुन्यासोबत दाब मोजायला माणकाचा कण ठेवा. त्याच्या उजेडातली ६९४.२ नॅनोमीटरची रेषा दर गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर सरकते. पण वीज जाऊन एसी बंद पडला आणि खोली दहा अंशांनी तापली तर तीच रेषा ०.०७ नॅनोमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ ०.२ गिगापास्कलचा खोटा दाब. दर वाचनाला तापमान लिहाच.

खरी कसोटी थॅलियम घातलेल्या सोडियम आयोडाइडची. जुलैत डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं, मग हा स्फटिक उघड्यावर कसा टिकणार? आधी त्याचा पृष्ठभाग दुधाळ होतो, पुढे आयोडीन सुटून पिवळट. त्याचा उजेड ४१५ नॅनोमीटरचा, आणि तो पिवळा थर नेमकी निळी बाजू गिळतो. उरलेला पट्टा तांबड्याकडे सरकल्यासारखा दिसतो आणि श्रेय दाबाला जातं! म्हणून तो कोरड्या नायट्रोजनच्या ग्लोव्ह बॉक्समध्येच भरा. आतलं सिलिका जेल १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून घेतलेलं हवं. दाब सगळीकडून सारखा पोचावा म्हणून भोकात द्रव भरतात. गार्नेटला चालणारं ४:१ मिथेनॉल-इथेनॉल इथे वापरू नका, सोडियम आयोडाइड त्यात विरघळतो. कोरडं केलेलं सिलिकॉन तेल घ्या. तेल घट्ट होऊ लागलं की माणकाच्या शेजारशेजारच्या दोन रेषा रुंदावून एकमेकींत मिसळतात. तिथून पुढे दाब सगळीकडून सारखा नसतो.

नुसत्या तेजस्वितेवर भरवसा नको, कारण दाबताना नमुना आणि फोकस दोन्ही हलतात. क्षयकाळ, म्हणजे उजेड विझायला लागणारा वेळ, तोही मोजा. लेसरने फक्त सिरियम किंवा थॅलियमचं उजळणारं केंद्र कळतं, गॅमा किरणाची ऊर्जा तिथवर कशी पोचते ते नाही. आणि ५० मायक्रॉनच्या नमुन्यातून ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे बहुतेक गॅमा सरळ आरपार जातात.

शेवटी दाब टप्प्याटप्प्याने उतरवत पुन्हा मोजा. सरकलेला पट्टा जागेवर आला तर तो बदल दाबाचा. तसाच राहिला तर आधी ग्लोव्ह बॉक्समधली आर्द्रता तपासा.