एडिसनहून मॅडिसन स्क्वेअर गार्डन: निक्सची मॅच बघायला जाताना

निक्स हा एनबीएमधला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, न्यूयॉर्कचा संघ, आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे त्याचं घर. संध्याकाळी साडेसातची मॅच असेल तर न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा मेट्रोपार्कहून पाचच्या सुमाराची गाडी धरा. मेट्रोपार्कपासून न्यूयॉर्क पेन स्टेशन साधारण पाऊण तास, एडिसनहून थोडा जास्त. मॅडिसन स्क्वेअर गार्डन याच स्टेशनच्या डोक्यावर बसलेलं आहे, सातव्या आणि आठव्या अव्हेन्यूच्या मध्ये, १९६८ पासून. गाडीतून उतरलात की वर यायचं आणि सातव्या अव्हेन्यूच्या मुख्य दारात शिरायचं, एवढंच. त्यामुळे मॅनहॅटनमध्ये मोटार नेण्याचा विचारही करू नका. जर्सी सिटीकरांनी पाथ रेल्वेने ३३व्या रस्त्याच्या शेवटच्या स्टेशनवर उतरावं. ते सहाव्या अव्हेन्यूवर आहे, तिथून पश्चिमेकडे एक लांब ब्लॉक चालायचं.

तिकिटाची तयारी मात्र घरूनच करून निघा. तिकीट फक्त फोनवर मिळतं आणि त्यातला बारकोड सतत बदलत राहतो. नीट पाहिलं तर त्याच्यावरून एक रेघ सरकताना दिसते. म्हणूनच स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर आईबाबांना पाठवला तर दारावरचं यंत्र तो घेत नाही, आणि दर मॅचला कुणी ना कुणी नेमकं इथेच अडकतं. चौघांची तिकिटं एकाच फोनवर ठेवून एकामागून एक दाखवता येतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांकडे अमेरिकन नंबर नसतो, त्यांच्यासाठी हाच सोपा मार्ग. दारापाशी हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात, तेव्हा तिकीट घरीच फोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये टाकून ठेवा आणि फोन पूर्ण चार्ज करा.

कोणती मॅच निवडायची यावर खर्च ठरतो. निक्सची तिकिटं लीगमधल्या सर्वांत महागड्यांपैकी आहेत. आठवड्यातला मधला वार, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस आणि कमी नावाजलेला पाहुणा संघ, या तिन्हींचा मेळ बसला की भाव खाली येतात. पण निक्सपेक्षा पाहुण्या संघातला एखादा खेळाडू बघायचा असेल तर शहरातल्या दुसऱ्या संघाचं, ब्रुकलिन नेट्सचं वेळापत्रक आधी उघडा. पश्चिम विभागाचा प्रत्येक संघ पूर्वेकडच्या प्रत्येक संघाच्या घरी हंगामात एकदाच येतो. म्हणजे पश्चिमेचे वॉरियर्स गार्डनमध्ये एकदा येतात, तसे ब्रुकलिन नेट्सच्या बार्कलेज सेंटरमध्येही एकदा येतात. खेळाडू तेच, आणि तिकीट बहुतेक वेळा बरंच स्वस्त. पेन स्टेशनहून सबवेच्या २ किंवा ३ नंबरच्या गाडीने थेट अटलांटिक अव्हेन्यूला उतरायचं, बार्कलेज समोरच.

दुसरी गोष्ट दुखापतींच्या यादीची. प्रत्येक संघाला मॅचच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजेपर्यंत कोण खेळणार, कोण नाही हे जाहीर करावं लागतं. लागोपाठच्या दोन दिवसांतली दुसरी मॅच असेल तर त्याच दिवशी दुपारी १ पर्यंत. अशा दुसऱ्या मॅचला मोठे खेळाडू विश्रांती घेण्याची शक्यता सर्वांत जास्त. एकाच खेळाडूसाठी पैसे मोजणार असाल तर संघ आदल्या रात्री कुठे खेळला आहे ते पाहा आणि जमल्यास यादी आल्यावरच खरेदी करा. पुनर्विक्रीच्या साइटवर तिकिटं शेवटपर्यंत असतात. न्यूयॉर्क राज्यात २०२२ पासून सगळी शुल्कं धरून पूर्ण किंमत आधीच दाखवावी लागते, त्यामुळे दोन साइटची तुलना करणं सोपं झालं आहे. दाराबाहेर हातात तिकीट धरून उभ्या असलेल्या माणसाकडून मात्र काहीही घेऊ नका.

आता जागा. यावर बहुतेकांचा निर्णय चुकतो, कारण ‘जवळ’ म्हणजे ‘चांगली’ असं आपण धरून चालतो. खालच्या मजल्यावर रिंगच्या मागच्या कोपऱ्यात बसलात तर समोरची अर्धी मॅच लांबून, रिंगच्या खांबाच्या आणि तिच्या मागच्या काचेच्या आडून दिसते. त्याच पैशात किंवा कमी पैशात २०० क्रमांकाच्या मजल्यावर मध्यरेषेजवळची जागा मिळते, २१० ते २१२ किंवा समोरच्या बाजूला २२३ ते २२५ या विभागांत. तिथून दहाही खेळाडू एका नजरेत येतात. खालचीच हवी असेल आणि परवडत असेल तर १०७ आणि ११७ हे मधले विभाग. गार्डनचं छत तारांवर तोललेलं, गोल आहे, आत छताला आधार देणारा एकही खांब नाही, त्यामुळे तशा खांबाआडची जागा मिळण्याची भीती नाही.

एक अडचण मात्र आहे. २०१३ साली पूर्ण झालेल्या नूतनीकरणात छताखालून मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना पूल टाकले. २०० च्या मजल्यावरच्या वरच्या रांगांत बसलं की डोक्यावर हा पूल येतो आणि मधला मोठा स्कोअरबोर्ड त्याच्याआड जातो. कोर्ट पूर्ण दिसतं, पुलाच्या खालच्या बाजूला छोटे पडदेही लावलेत, पण रिप्ले बघण्याची मजा जाते. म्हणून २०० मध्ये खालच्या रांगा घ्या. खुद्द पुलावरच्या जागाही मिळतात. तिथून अगदी उंचावरून, जवळजवळ आराखड्यासारखा खेळ दिसतो. डावपेच समजून घ्यायला आवडत असेल तर ती जागा सोन्यासारखी आहे, लहान मुलांना मात्र नको.

गुडघ्यांचा त्रास असलेले आईबाबा बरोबर असतील तर एक लक्षात ठेवा: गार्डनमध्ये कोर्ट पाचव्या मजल्यावर आहे. सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे, कर्मचाऱ्यांना सांगितलं तर नेतात. पण आपल्या विभागात शिरल्यावरच्या पायऱ्या पायीच उतरा-चढाव्या लागतात. त्यातून इथे उजेड फक्त कोर्टावर असतो, प्रेक्षक नाटकासारखे अंधारात. खेळाडूंची ओळख सुरू होताना तर आणखी काळोख होतो. म्हणून आईबाबांना त्याआधीच बसवा आणि वाटेच्या कडेच्या खुर्च्या घ्या. या बाबतीत बार्कलेज सोयीचं: तिथे रस्त्याच्या पातळीवरून आत शिरायचं आणि खालच्या जागांकडे उतरत जायचं. त्यांचा वरचा मजला मात्र फारच उभा चढ आहे, तिथे वडीलधाऱ्यांना नेऊ नका.

दारं साधारण तासभर आधी उघडतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की या तासाला हजर राहा. खेळाडू ठरलेल्या वेळेने दोघे-तिघे बाहेर येतात. एका रिंगखाली एकच खेळाडू आणि त्याचा प्रशिक्षक. आधी रिंगपासून चार-पाच पावलांवर एका हाताने हलके फेक, मग एकेक पाऊल मागे, मग डाव्या कोपऱ्यातून, कमानीवरून फिरत उजव्या कोपऱ्यापर्यंत. चेंडू जाळीतून खाली येतो न येतो तोच प्रशिक्षक पुढचा हातात देतो. गर्दीचा आवाज अजून नसल्यामुळे रिंगला न लागता गेलेल्या चेंडूची जाळीतली ‘सट्’ वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येते. कोपऱ्यातली तीन गुणांची रेषा रिंगपासून २२ फुटांवर, कमानीच्या माथ्याला, रिंगच्या थेट समोर, २३ फूट ९ इंच. कोपऱ्याला इतकी मागणी का, हे सराव बघताना आपोआप कळतं.

मॅच सुरू झाली की चेंडूवरची नजर मुद्दाम काढा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूला चिकटलेला असतो, तुम्हाला ते बंधन नाही. दोन-तीन वेळा फक्त चेंडू नसलेल्या एकाच नेमबाजाकडे बघा: तो सहकाऱ्याच्या खांद्याला घासून कसा वळतो, पाठलाग करणारा त्या सहकाऱ्यावर कसा आदळतो, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात पास कसा येतो. रिंगच्या वरच्या घड्याळात फेकीसाठीचे २४ सेकंद उलटे मोजले जातात, तेही बघत राहा. स्कोअरबोर्डवर प्रत्येक संघाचे फाउल दिसतात. एका क्वार्टरमध्ये पाचव्यापासून पुढे प्रत्येक फाउलवर प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर फेक. त्यानंतर बचाव करणारे हात आखडता घेतात, हा बदल तुम्हाला जागेवरून दिसेल. यजमान बचावाला असताना सगळं सभागृह ‘डी-फेन्स’ म्हणून घोषणा देतं, त्यात खुशाल सामील व्हा.

जेवण बाहेरच आटोपलेलं बरं. आत शाकाहारी माणसाचं पोट फ्रेंच फ्राइज, पिझ्झा, पॉपकॉर्नवर भरतं आणि खिसा रिकामा होतो. मेट्रोपार्कला गाडी धरण्याआधी ओक ट्री रोडवर खाऊन घ्या, किंवा लवकर पोचलात तर लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर २८व्या रस्त्याच्या आसपास भारतीय हॉटेलांची रांग आहे, चालत वीस मिनिटं. मोठी बॅग आणि लेन्स निघणारा कॅमेरा घरी ठेवा. जानेवारीतला जाड कोट आत मांडीवरच सांभाळावा लागतो, म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन पातळ थर बरे.

आपल्याकडचे बहुतेक आईबाबा मे ते सप्टेंबरमध्ये येतात आणि नेमका तेव्हाच एनबीएचा नियमित हंगाम संपलेला असतो. त्यांना बार्कलेजमध्ये न्यूयॉर्क लिबर्टी या महिला संघाची मॅच दाखवा. महिलांच्या लीगचा, डब्ल्यूएनबीएचा हंगाम याच महिन्यांत असतो. २०२४ मध्ये लिबर्टीने मिनेसोटा लिंक्सला हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून तिथला माहोल जबरदस्त आहे. क्वार्टर १२ ऐवजी १० मिनिटांचा, त्यामुळे दोन तासांच्या आसपास मोकळे होता. पाहुणे हिवाळ्यात आले असतील तर निक्सच्या दुपारच्या मॅच शोधा, नाताळच्या किंवा जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या.

परतीचा हिशेब स्कोअरबोर्डच्या घड्याळावर करू नका. शेवटची दोन मिनिटं टाइमआउट, फाउल आणि पंचांच्या तपासणीमुळे सहज पंधरा-वीस मिनिटं चालतात. साडेसातची मॅच दहाच्या आसपास संपते. वरच्या मजल्यावरून सरकत्या जिन्यांनी खाली यायला आणखी पाव तास धरा, ओव्हरटाइम झाला तर वेगळा. निघण्यापूर्वीच दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा आणि पहिली गाठायला धावू नका. पाथने जाणाऱ्यांनी फलक वाचून बसावं, रात्री उशिरा गाडी होबोकेनमार्गे वळते.

पेन स्टेशनात प्लॅटफॉर्मचा नंबर सुटण्याच्या साधारण दहाच मिनिटं आधी लागतो आणि मग सगळी गर्दी एका जिन्याकडे वळते. याच घाईत निळी-केशरी जर्सी घातलेले लोक चुकीच्या गाडीत चढतात. फलकावर ‘ट्रेंटन’ किंवा ‘जर्सी अव्हेन्यू’ लिहिलेलं असेल ती नॉर्थईस्ट कॉरिडॉर या मार्गाची, तुमची गाडी. मेट्रोपार्कला थांबते का तेवढं पाहा. ‘लाँग ब्रँच’ची गाडी राहवेपर्यंत त्याच रुळांवरून जाते आणि पुढे किनाऱ्याकडे वळते, तिला मेट्रोपार्क आणि एडिसन नाही. चुकून बसलात तर राहवेला उतरून मागची ट्रेंटनची गाडी घ्या. ‘डोव्हर’च्या गाडीत सापडलात तर त्याच्याही आधी, सिकॉकसला उतरा. फोनवरचं गाडीचं तिकीट चढतानाच चालू करा, आधी नाही, कारण चालू केल्यावर त्याला ठरावीकच वेळ मिळतो.