ट्रायकोनच्या शोधात शिकागो ते नॅशव्हिल

माझ्याकडे रेझोनेटर गिटारींचा संग्रह आहे, म्हणजे पोटातल्या धातूच्या कोनांनी तारांचा आवाज मोठा करणाऱ्या गिटारी. संग्रहात ड्युओलियन होती, स्टाइल ओ होती, लाकडी डोब्रोही होती. नव्हती ती तीन कोनांची ट्रायकोन. बाकी सगळ्या रेझोनेटर हिच्यामागून आल्या. 1927 साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाम्प आणि जॉन डोपिएरा यांनी ती बाजारात आणली. धातूच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचे सहा इंची पातळ कोन, तेही तीन. अ‍ॅम्प्लिफायर रुळायच्या आधी ट्रंपेटसारख्या ब्रास वाद्यांच्या गलबल्यात गिटार ऐकू यावी म्हणून केलेली ही खटपट.

शिकागोहून आय-65 हा महामार्ग धरला की आठेक तासांत नॅशव्हिल. रस्ता सपाट आणि कंटाळवाणा, त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. जुन्या वाद्यांसाठी ग्रून आणि कार्टर ही दोन दुकानं आधी बघा. मात्र निघण्याआधी फोन करून ट्रायकोन खरंच आहे का, हे विचारून घ्या. संकेतस्थळावरच्या फोटोच्या भरवशावर एवढं अंतर कापू नये.

मला हवी होती गोल नेकची, म्हणजे नेहमीच्या गिटारसारखी धरून वाजवता येणारी. सगळ्यांनाच ती हवी असते, आणि घोळ तिथेच होतो. त्या काळात हवाईयन संगीताचं वेड होतं, गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, म्हणून चौकोनी नेकच्या जास्त बनल्या. आज गोल नेकची किंमत कितीतरी चढी, त्यामुळे चौकोनी नेक कापून लाकडी गोल नेक बसवलेल्याही फिरतात. वाटेत एका छोट्या दुकानात अशीच एक ‘ओरिजिनल’ म्हणून पुढे आली. ओळखायचं कसं? चौकोनी नेक पोकळ पत्र्याची, बॉडीशी एकसंध असते. ती कापली की खांद्यापाशी डाख, ठोकाठोक किंवा नवा मुलामा दिसतो. बॅटरी घेऊन जा आणि आतूनही बघा.

कव्हरप्लेट, म्हणजे कोनांवरचं झाकण, उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर सरळ बाहेर पडा. कोन दबलेले नाहीत ना, मूळचेच आहेत ना, तिन्हींना जोडणारा टी-ब्रिज जागेवर आहे ना, हे बघितल्याशिवाय भावाची बोलणी नकोत. कोरीव कामावर भाळू नका. स्टाइल 2 वर रानगुलाब, 3 वर लिली ऑफ द व्हॅली, 4 वर शेवंती. नक्षी वाढते तशी किंमत वाढते, आवाज नव्हे.

मी शेवटी साधी, बिननक्षीची स्टाइल 1 घेतली, चौकोनी नेकची. तडजोड म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही. ही रचना मांडीवरच्या वादनासाठीच जास्त बनली. शिवाय गिटारवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांना ऐकत वाढलेल्या माणसाला आडवी गिटार परकी कशी वाटेल? मींड काढून बघा. स्वर लांबतो, आणि विरतानाही पातळ होत नाही.

विमानाने नेणार असाल तर जागा असेल तोवर केबिनमध्ये गिटार नेऊ देणं अमेरिकन विमान कंपन्यांना बंधनकारक आहे. म्हणून चढायला लवकर रांगेत उभे राहा. तारा थोड्या सैल करा, पूर्ण काढू नका, नाहीतर कोन आणि ब्रिज हलतात. भारतात न्यायची असेल तर फ्रेटबोर्डचं, म्हणजे नेकवरच्या तारांखालच्या पट्टीचं, लाकूड कोणतं ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून सायटीज या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला परवान्याची भानगड असते. कस्टमसाठी पावती केसमध्ये नको, खिशात ठेवा.